पेन्सिलीने लिहिलेलं नाव

ओलाव्हने दार उघडलं, पण आत घेतलं नाही.
आधी तिला वास घेऊ दे, म्हणाला,
तिला पटलीस तर पैशांचं बोलू.
तेव्हा दिवाडीच्या त्या व्हरांड्यात, लाल सिमेंटवर
पस्तीस वर्षं पोरांच्या तोंडी परीक्षा घेतलेली मी
गप्प बसून राहिले.
बीगलीण आली, ओघळल्या आचळांची,
माझ्या चपला, मग टाचा, मग पिशवी,
पिशवीवरचा कालच्या बांगड्यांचा डाग
सावकाश वाचत गेली.
पास झाले असावे. शेपटी एकदाच हलली.

चार पिल्लं. तीन धावून अंगावर आली.
चौथं पाठ करून
आपल्याच मागच्या पायाशी भांडत होतं.
हेच, मी म्हटलं.
का, हे ओलाव्हने विचारलं नाही. त्याचा धंदा जुना.

अठरा हजार.
मी मोजले, त्याने मोजले,
आतून हात पुसत आलेल्या एर्मेलिंडाने तिसऱ्यांदा.
आमचे हे सकाळीच म्हणाले होते,
कुत्रं कुणी विकत घेतं का?
ते येतं. दारात बसतं. मग आपलं होतं.
त्यांचंही खोटं नाही.

वर एक कागद मिळाला:
बाप, आजा, पणजा, पणजीसुद्धा,
कुणाचा जन्म कधीचा, कुणाचा रंग कसा.
माझ्या पणजीचं नाव मला ठाऊक नाही.
दोन होती म्हणे, माहेरचं आणि सासरचं.
दोन्ही गेली.

मालकाच्या रकान्यात ओलाव्हने माझं नाव घातलं
पेन्सिलीने.
"एक म्हयनो पळोवया, बाय.
जमलें ना जाल्यार परत हाड.
जमलें जाल्यार पेन तूं घे."
मग उशीचा एक जुना अभ्रा घेऊन
पिल्लाच्या आईच्या मानेमागून, पोटाखालून
घासून घासून फिरवला
आणि घडी करून दिला, अंगाऱ्याची पुडी द्यावी तसा.

ती फाटकापर्यंत आली नाही.
मी वळून पाहिलं तर बशी चाटत होती.
हे मी घरी सांगितलं नाही.

नार्व्याच्या फेरीत माणसाला तिकीट नाही.
आणि कुत्र्याला? मी विचारलं.
फेरीवाला हसला नाही, खरंच विचारात पडला.
धक्क्यावरचा तांबडा गावठी कुत्रा
माझी टोपली हुंगून बाजूला झाला.
त्याला कुणी विकला नव्हता,
त्यामुळे त्याची किंमत कुणाला माहीत नव्हती.

मधल्या पाण्यात पिल्लू थरथरायला लागलं.
याच पाण्यावरून, आमच्याकडे सांगतात,
कुणीतरी रात्री देवाला उचलून पलीकडे आणलं होतं.
टोपलीत आणला की घोंगडीत,
कोणी वल्हवत होतं, कोणाच्या मांडीवर होता,
काही लिहून ठेवलेलं नाही.
पलीकडे पोचल्यावर पहिल्या रात्री तो झोपला का,
तेही नाही.

हे झोपलं नाही.
अकराला रडलं, साडेबाराला रडलं,
अभ्र्यात नाक खुपसून थोडं थांबलं, पुन्हा रडलं.
ह्यांनी कूस बदलली. कर परत, म्हणाले.
मी जमिनीवर चटई टाकली
आणि अभ्र्याखाली हात सरकवला.
त्याने हाताचा वास घेतला, अभ्र्याचा घेतला,
पुन्हा हाताचा.
बराच वेळ हिशेब जुळेना त्याचा.

पहाटे जाग आली तेव्हा हात बधिर,
त्यावर हनुवटी टाकून ते घोरत होतं,
आणि हे उकिडवे बसून
जमिनीवरचा कागद पंच्याने टिपत होते.
रात्री कधीतरी त्याने आपल्या वंशावळीवर
यथेच्छ मुतून घेतलं होतं.
पणजा विरघळला होता. आजीचा निळा डाग
बापापर्यंत ओघळला होता.
पेन्सिलीचं तेवढं राहिलंय बघ, हे म्हणाले,
आणि कागद दोरीवर घातला,
अभ्र्याशेजारी.

अभ्रा काढ म्हटलं तिथून,
वास जाईल त्याचा.